आईची कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली तेव्हा

माझे वडील टीव्हीवर वारले त्या संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर बसून बैलासाठी वेसण वळत होते.

शेजारच्या काकू बोलवायला आल्या, "चाल वं, तुही माय टीव्हीवर आली." आमच्याकडे टीव्ही नव्हता, म्हणून आम्ही तिघंही त्यांच्या दारात जाऊन उभे राहिलो. पडद्यावर आई आमच्याच वावरात, कापसाच्या पऱ्हाटीत उभी होती आणि पदरानं डोळे पुसत होती. खाली हिंदीत पट्टी होती, कपास ने छीना सुहाग. एका बाईचा मऊ आवाज सांगत होता की हिचा नवरा हिला आणि एका मुलीला मागे ठेवून गेला. मग दुसऱ्या कुठल्या तरी गावाचं चित्र आलं.

मग काकांनी बाबांकडे वळून पाहिलं. "काय भाऊ, गेलते म्हणे तुम्ही. आम्हाले सांगतलं पण नाही."

सगळे हसले. बाबाही हसले. दोन-तीन दिवस गावात हीच थट्टा चालली. किराणावाला बाबांना म्हणाला, "उधारी कोणाच्या नावानं लिहू आता?" आई मात्र हसली नाही. ती एकच विचारत राहिली, "मी तासभर बोलली त्या बाईसंग. पऱ्हाटीचं बोलली, रोह्यांचं बोलली, तुरीचं बोलली. थे सारं कुठं गेलं?"

त्या वर्षांत आमच्या राळेगाव तालुक्यात टीव्हीवाल्यांच्या अशा गाड्या खूप यायच्या. कापसाचं वाईट चाललं होतं हे खरंच आहे आणि ते मी नाकारत नाही. पण येणाऱ्यांना काय पाहायचं हे गाडीत बसतानाच ठरलेलं असायचं. आई त्यांना विधवा का वाटली असेल, हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं. आम्ही बौद्ध आहोत. आजीनं दीक्षा घेतली तेव्हा कुंकू सोडलं, आणि आमच्या घरात ते परत आलं नाही. आई मंगळसूत्र घालत नाही. वावरात जाताना ती बांगड्याही काढून ठेवते, कारण त्या फांद्यांत अडकतात. गावात याचं कोणाला काही वाटत नाही. शहरातून आलेल्या बाईनं मात्र मोकळं कपाळ पाहिलं आणि बाबांना मारून टाकलं.

हा तेव्हा माझा फक्त तर्क होता. आणि थट्टा फार दिवस थट्टा राहिली नाही.

पुढच्या आठवड्यात कुठल्या तरी संस्थेची गाडी आली. चौकात उतरून त्यांनी विचारलं, टीव्हीवर आली ती विधवा बाई कुठे राहते. गाडीत शिलाई मशीन होतं. आईनं दारातूनच सांगितलं, "थो पहा, माह्या घरचा तिथं बसला. न्या हे वापस." गाडी वळली, पण ती आमच्या दारात येऊन थांबलेली सगळ्यांनी पाहिली होती.

आई बायकांच्या बचत गटाची अध्यक्ष होती. त्याच गटात खालच्या आळीतल्या मावशी होत्या. त्यांचा नवरा खरोखर वारला होता. त्यांच्या दारात कोणती गाडी आली नव्हती, कोणी मशीन आणलं नव्हतं. हापशीवर त्या सगळ्यांसमोर बोलल्या, "माह्या घरचा गेला त कोणी पुसलं नाही. अन् हिचा बसून वेसण वळते, त हिले मशीन. काय सांगतलं असन हिनं, तुम्हीच समजा."

आई म्हणाली, "मी असं काही बोललीच नाही."

"मंग थे काय हवेतून बोलले?"

येत्या पौर्णिमेला विहारात गटाची बैठक होती. नवी अध्यक्ष निवडायची, असं बायकांनी आपसांत ठरवलं होतं. आईला पदाचं फारसं नव्हतं. पण नवऱ्याला जिवंतपणी मेलेलं सांगून मदत मागणारी बाई, हे नाव घेऊन तिला त्या गावात राहायचं नव्हतं. रात्री जेवताना तिनं मला विचारलं, "थे बोलणं कुठं राह्यलं असन? तू कॉम्प्युटर शिकवतं ना."

मी तेव्हा राळेगावात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. माझं शिक्षण यवतमाळला इंग्रजी शाळेत झालेलं, मावसआजीकडे राहून. गावात मी फार बोलत नसे. मराठीत बोलले तर पोरी माझ्या शब्दांना हसायच्या, इंग्रजीत बोलले तर माझ्यापासून लांब सरकायच्या. म्हणून मी ऐकायची सवय लावून घेतली होती. पण बोलणं कुठे राहिलं असेल, हे मला ठाऊक होतं. कॅसेटवर.

त्या वाहिनीचा कॅमेरावाला नागपुरातच आजारी पडला होता. म्हणून त्यांनी राळेगावचे, लग्नांची शूटिंग करणारे भाई सोबत घेतले होते. त्यांचं दुकान आमच्या क्लासच्याच गल्लीत होतं. मी गेले तेव्हा ते मोत्यांच्या चौकटीत बसवलेला कोणाचा तरी फोटो पुसत होते.

"कॅसेट है ना बेटा. उन लोगों ने अपने लॅपटॉप में ले लिया और कॅसेट मुझे वापस दे दी. कॅसेट तो मेरीच थी." त्यांनी खण उघडला. काडेपेटीहून थोड्या मोठ्या कॅसेटी एकीवर एक रचलेल्या होत्या. "लेकिन इतवार के बाद मत आना. शादियां चालू हो जाती. मैं उसी पे दूसरी शूटिंग करता."

सगळे लग्नवाले तसंच करत. मिक्सिंग, म्हणजे चित्रांची काटछाट आणि जोडणी, नागपुरात व्हायचं. गिऱ्हाइकानं सीडी नेली की कॅसेट परत कॅमेऱ्यात जायची आणि एका नवरीवर दुसरी नवरी चढायची. आईचं बोलणं कोणाच्या तरी वरातीखाली जाणार होतं. नागपूरला पाठवली असती तर परत यायला आठवडा लागला असता, आणि तिथले लोक फक्त हवं तेवढंच ठेवतात. मला सगळं हवं होतं. भाई म्हणाले, कॅमेरा दुपारच्या वेळी घेऊन जा, लावून बघ, पण गल्लीच्या बाहेर नेऊ नको.

कॅमेरा आणि क्लासचा कॉम्प्युटर यांच्यामध्ये काय लागतं, एवढाच प्रश्न होता. त्यासाठी मी यवतमाळला गेले. एसटी स्टँडजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात एक विशीतला विक्रेता होता. त्यानं मान वर न करताच विचारलं, "लग्नाची कॅसेट आहे का?" मी हो म्हटलं, कारण नाही म्हटलं असतं तर सगळं सांगावं लागलं असतं. त्यानं एक यूएसबी वायर काढून दिली. "लावा. आपोआप येते."

दुसऱ्या दुपारी ती लावली. कॉम्प्युटरनं कॅमेरा ओळखला आणि त्यातल्या छोट्या कार्डावरचा एकमेव फोटो दाखवला. मंडपाचा खांब होता. कॅसेटचं त्याला काही माहीतच नव्हतं. त्या वायरीतून फक्त फोटो येतात, हालतं चित्र येत नाही.

मी परत गेले. तो म्हणाला, "कॅमेरा खराब असेल मग. हे घेऊन जा, सगळे शूटिंगवाले हेच नेतात." या वेळी एक डबी होती, तिच्या एका बाजूला पिवळं, पांढरं आणि लाल अशी तीन तोंडं. किंमत माझ्या मानधनाला जड होती. नाही चाललं तर परत घेईन, असं त्याच्याकडून मोठ्यानं वदवून घेतलं आणि ती आणली.

तिच्यातून चित्र आलं. पण कसं, तर पावसात भिजलेल्या कागदासारखं. बाजूनं सारखी घूं घूं यायची आणि आवाज चित्राच्या मागे राहायचा. आईचे ओठ आधी हलायचे, मग ती बोलायची. मी पाच मिनिटं पाहिलं आणि बंद केलं. हे विहारात दाखवलं तर मावशी काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येत होतं. आवाज मागून भरला, असंच त्या म्हणतील. आणि दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तरी मी त्यांना दोष दिला नसता. एकदा आईच्या तोंडी दुसऱ्याचं बोलणं घालून झालं होतं. आता तिचं स्वतःचं बोलणंही उसनं वाटेल असं मला करायचं नव्हतं.

क्लासमध्ये इंटरनेट होतं, रडतखडत चालणारं. बाहेरदेशात कोणी तरी नेमकं हेच विचारलेलं सापडलं, आणि खाली पाच-सहा लोकांनी आपसांत भांडत उत्तरं दिली होती. सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं. कॅसेटवर जे आहे ते जसंच्या तसं यायला फायरवायर नावाचं कार्ड लागतं. ते कॉम्प्युटरच्या आत बसतं आणि कॅमेऱ्याच्या एका बारक्या छिद्रातून वायर येते. ते छिद्र मी पाहिलं होतं, वर रबराचं झाकण होतं. आणि ते कार्ड त्या डबीपेक्षा कितीतरी स्वस्त होतं.

तिसऱ्यांदा त्या दुकानात पाय ठेवताना मला स्वतःचीच लाज वाटली, आणि का म्हणून वाटावी याचा रागही आला. मी डबी काउंटरवर ठेवली आणि मराठीत विचारलं, फायरवायर कार्ड आहे का.

"ते तुम्हाला नाही जमणार मॅडम. कॉम्प्युटर उघडावा लागतो."

"उघडीन मी."

"घरी कोणी असेल तर त्यांना पाठवा ना. मी समजावून सांगतो."

मग मी तेच इंग्रजीत विचारलं. कोणतं कार्ड, वायरीचं एक तोंड चार टोकांचं, दुसरं सहा टोकांचं. आवाज चढवला नाही. तो टेबलामागे ताठ झाला. आतून मालक आला, त्यानं खुर्ची दिली, खोक्यातून कार्ड काढलं, डबीच्या पैशांतून कार्डाचे वजा करून उरलेले परत केले आणि पोऱ्याला चहा सांगितला. मी चहा घेतला नाही. मराठीत मी जे विचारलं होतं त्यात आणि इंग्रजीत विचारलं त्यात भाषेखेरीज काही फरक नव्हता. एसटीत खिडकीशी बसून मी त्या मालकाच्या खुर्चीबद्दल मनातल्या मनात जे बोलले, ते कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत.

रविवारी क्लासला सुट्टी होती. सरांनी किल्ली दिली होती, पेचकस टेबलावरच होता. कार्ड खटकन बसलं. कॅमेरा चालू केला आणि पडद्यावर आमचं वावर उजाडलं, स्वच्छ, बोंडं मोजता येतील असं. काही वेळानं चित्र आपोआप थांबलं, तेव्हा वाटलं, कार्डही फसलं. पण त्या जुन्या डिस्कवर फाईल एका मर्यादेपुढे जात नव्हती एवढंच. मग मी तुकडे पाडून घेत गेले आणि घेता घेता कान देऊन ऐकत गेले.

आई बोलत होती. बोलण्याच्या भरात होती, हसतही होती. रोही, म्हणजे नीलगायी, रात्रीतून अर्धं वावर कसे खातात आणि बाबा मचाणावर डब्बा वाजवता वाजवता कसे झोपून जातात, हे ती सांगत होती. म्हणजे बाबांबद्दल, वर्तमानकाळात. हिंदीत तिनं म्हटलं, "हमारे घरवाले तो बस सोते है वहां." आणि तिच्या बोलण्याच्या खाली, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, ती मऊ आवाजाची बाई तिच्या सोबत्याला इंग्रजीत म्हणाली की ही विधवा आहे, कपाळ बघ. तो म्हणाला, एकदा विचारून घ्यायचं का? ती म्हणाली, नको, बरं दिसत नाही, तिला दुखेल.

मी तेवढा भाग परत लावला. मग परत.

दुष्टपणा असता तर मला सोपं गेलं असतं. ते सभ्यपणे वागत होते. त्यांनी सभ्यपणानं विचारलं नाही आणि सभ्यपणानं माणूस मारला. आई समोर उभी राहून नवऱ्याची गोष्ट सांगत होती. ती त्यांना ऐकू आली नाही, कारण कपाळ आधी बोलून झालं होतं.

पुढे आई म्हणते, "बाई, ऊन लय आहे, सावलीत बसू." ती बाई हिंदीत सांगते, नाही नाही, इथेच, उजेड छान आहे. मग आई पदरानं घाम पुसते. टीव्हीवर दाखवलं ते एवढंच. त्यानंतर बाबा थाळीत चहाचे कप घेऊन चित्रात येतात. "भैया, थोडा साइड में," ती बाई म्हणते. बाबा बाजूला होतात. कप वाजल्याचा आवाज येतो, आणि बाबांचा, "साखर बरोबर हाय ना?" ती म्हणते, "बहुत अच्छी चाय है भैया, थँक्यू." ज्याच्या हातचा चहा पीत होती त्याचंच सुतक ती धरून बसली होती.

मी सीडी लिहिली. कॅमेरा भाईंना नेऊन दिला. त्यांनी विचारलं, "आया क्या सब?" मी मान हलवली.

पौर्णिमेला वंदना झाल्यावर विहारात काकूंचा टीव्ही आणि सीडी प्लेअर मांडला. बायका खाली बसल्या, आई एका कोपऱ्यात. बाबा येत नव्हते. काकांनी त्यांना हाताला धरून आणलं. "चाला, तुमचीच तेरवी हाय."

इंग्रजी भाग आला तेव्हा मला सीडी थांबवून उभं राहावं लागलं. इतक्या लोकांसमोर मी कधी बोलले नव्हते. ते दोघं काय बोलले ते मी आमच्या भाषेत सांगितलं, जसंच्या तसं, शेवटचं "तिला दुखेल" यासकट. एक म्हातारी म्हणाली, "म्हंजे कपाळ पाहून?"

"हो."

"मंग पुसाचं ना. तोंड नव्हतं काय त्याइले?"

बाबा थाळी घेऊन आले तेव्हा कोणी तरी खिदळलं, "पहा, मेलेला माणूस चहा पाजून राह्यला." पण हसणं फार टिकलं नाही. मावशी एकदम पुढे सरकल्या होत्या आणि पडद्याकडे बोट करत होत्या.

"हे मागं कोण हाय?"

आईच्या खांद्यामागे, पऱ्हाटीच्या चार ओळींपलीकडे, बांधाच्या कडेला, एक बाई ओटीत कापूस वेचत होती. हिरवं लुगडं, डोक्याला बांधलेला दुपट्टा.

"तूच होय वं," शेजारणीनं सांगितलं. "त्या दिवशी तू धुऱ्याकडून वेचत होती."

मावशी बराच वेळ पाहत राहिल्या. पूर्ण तासभर त्या मागे होत्या. कधी वाकलेल्या, कधी पाठ सरळ करत, एकदा तर कॅमेऱ्याकडे पाहून तोंड वळवलेल्या. त्यांच्याही कपाळावर काही नव्हतं. नवरा होता तेव्हाही नव्हतं.

"मी त इथंच होती," त्या म्हणाल्या. "मले आवाज द्याचा ना कोणी."

आई म्हणाली, "म्या त्याइले म्हटलं होतं, इकडं आमच्या गटाची बाई हाय, तिले पुसा. थे म्हणे टाइम नाही." ते वाक्यही कॅसेटवर होतं, थोडं पुढे. ते आलं तेव्हा सगळ्यांनी ऐकलं. मावशींनी आईकडे पाहिलं नाही, पण पुढची अध्यक्ष कोण याबद्दल त्या दिवशी कोणी तोंड उघडलं नाही. उरलेली सीडी संपेपर्यंत बायका बसून होत्या, आणि शेवटी तुरीच्या ओळी किती अंतरावर टाकायच्या यावरून आईशी भांडत होत्या.

मी एक सीडी त्या वाहिनीला पाठवली, सोबत इंग्रजीत पत्र. पत्र इतकं सभ्य लिहिलं होतं की आठवलं तरी मला आता चीड येते. उत्तर आलं नाही. यूएसबी वायर दुकानदारानं परत घेतली नव्हती, ती माझ्या कपाटात पडून होती. कार्ड मी क्लासलाच ठेवलं. नंतर भाई त्यांच्या कॅसेटी तिथेच उतरवू लागले.

पुढच्या हंगामात पेरण्या लागल्या आणि एका संध्याकाळी काकूंनी परत हाक मारली. तीच बातमी, तीच पट्टी, आईचा तोच घाम. बाबा दुसऱ्यांदा वारले. त्या दिवशी मावशी आमच्याकडे गटाच्या कामाला आलेल्या होत्या, त्याही सोबत आल्या. त्या टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि आईच्या खांद्यामागे पाहू लागल्या.

"मी कुठं हाय?"

मी बोट टीव्हीच्या कडेपलीकडे नेलं. त्या लोकांनी चित्र जवळ ओढून कापलं होतं. आईचा चेहरा पडद्यावर मावत नव्हता, आणि मावशी जिथे वेचत होत्या तिथवर चित्र पोचतच नव्हतं.